कथा एक सांगते, नियम दुसरंच

२०१० साली ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ हा गेम आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन या स्टुडिओला प्रकाशकाकडून बोनस मिळायचा होता, पण त्याला एक अट होती. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी शंभरात ८५ यायला हवी होती. ती आली ८४. स्टुडिओतल्या एका ज्येष्ठ लेखकाने दोन वर्षांनी हे जाहीरपणे सांगितलं तेव्हा बरीच हळहळ व्यक्त झाली. एका गुणासाठी लोकांच्या तोंडचा घास काढणाऱ्या या व्यवहाराला नावंही ठेवली गेली. त्या व्यवहाराच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. ८४ हा आकडा कशाचा होता? या गेममध्ये खेळाडूच्या निर्णयांना जितक्या वाटा फुटतात, तितक्या त्या काळच्या फार थोड्या गेममध्ये फुटत असत. त्याच वेळी, बाजारात आला तेव्हा तो वारंवार अडखळत आणि बंद पडत होता. लेखनाची श्रीमंती आणि प्रोग्रॅममधल्या चुका यांची सरासरी काढली की हाती येणारा आकडा दोहोंपैकी एकाचंही वर्णन करत नाही.

हे असं होण्याला कारण आहे. गेमची समीक्षा जन्मली ती ग्राहकाला सल्ला देणाऱ्या मासिकांत. जपानच्या ‘फामित्सू’ मासिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि त्यांची बेरीज छापली जाते. १९९८ मध्ये ‘झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’ने तिथे पहिल्यांदा चाळीसपैकी चाळीस मिळवले. इतर मासिकांनी ग्राफिक्स, आवाज, कंट्रोल, कथा असे रकाने पाडले. फ्रिज घेताना असा तक्ता कामाला येतो, आणि गेमही स्वस्त नसतो, म्हणून ही पद्धत सरसकट मोडीत काढावी असं नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ आला, तेव्हा आगाऊ परीक्षणासाठी फक्त पीसीवरच्या प्रती दिल्या गेल्या होत्या. जुन्या कन्सोलवर तो इतका मोडका निघाला की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला. अशा वेळी ‘घेऊ नका’ म्हणणारा माणूस हवाच. पण त्या परीक्षणांचं आयुष्य किती? पुढच्या दोन-तीन वर्षांत दुरुस्त्या होत होत तो गेम नीट चालू लागला आणि मोडकेपणाबद्दलचं लिखाण कालबाह्य झालं. सगळ्या दुरुस्त्या संपल्यावर जे उरतं त्याच्याबद्दल बोलणं ही समीक्षा. तिची सवय आपल्याला अजून नीट लागलेली नाही.

माझं म्हणणं असं की गेमचे गुणदोष सर्वांत आधी त्याच्या नियमांत शोधायला हवेत. इथे नियम म्हणताना कोणतं बटण कशासाठी एवढंच मनात नाही. खेळाडूला काय करता येतं आणि काय करता येत नाही, कशाची किंमत मोजावी लागते, कशाचं बक्षीस मिळतं, आणि तीस-चाळीस तासांत कोणती कृती हजार वेळा करावी लागते, हे सगळं त्यात येतं. चित्रपटात नायक दयाळू दाखवला की तो दयाळू असतो. गेममध्ये दया करायची की नाही हे अनेकदा खेळाडूच्या हाती असतं, आणि दया कितीला पडणार हे नियम ठरवतात. कथा आणि नियम एकमेकांशी सहमत असतीलच असं नाही. हा पेच संगणकाने आणलेलाही नाही. परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट घ्या. पटावर दुर्गुणांचे साप आहेत, सद्गुणांच्या शिड्या आहेत आणि सगळ्यांत वर मोक्ष आहे. चित्र सांगतं की सद्गुणाने माणूस वर चढतो. खेळताना मात्र शिडी चढायला सद्गुण लागत नाही, कवड्यांचं दान लागतं. हे दान म्हणजे पूर्वसंचित असं म्हटलं तर पट सुसंगत होतो, पण मग तो नीतीपेक्षा दैवाचा धडा ठरतो. कोणता अर्थ घ्यायचा यावर वाद घालता येईल. पण नुसतं चित्र पाहून तो वाद सुटणार नाही, एवढं नक्की.

नियमांतून अर्थ शोधण्याच्या या विचाराला अभ्यासकांत मोठा विरोध झालेला आहे, आणि तो गंमतशीर आहे. जॅनेट मरी यांनी १९९७ च्या ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ या पुस्तकात ‘टेट्रिस’चा अर्थ लावला. वरून पडतच राहणारे तुकडे आणि ते लावून संपवण्याची न संपणारी घाई यांत त्यांना कामाखाली दबलेल्या अमेरिकी माणसाचं जगणं दिसलं. मार्क्कू एस्केलिनेन या फिनिश अभ्यासकाने त्यावर कडक टीका केली. गेम समजून घेण्याऐवजी त्याच्यावर मनातली कथा लादली जाते आहे, असा त्याचा आक्षेप होता. ‘टेट्रिस’ १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी बनवला, हे लक्षात घेतलं तर अमेरिकी माणूस त्यात आला कुठून हा प्रश्न रास्तच आहे. तरी मला मरी यांची चूक एस्केलिनेनच्या बरोबर असण्यापेक्षा जास्त उपयोगी वाटते. त्यांनी अर्थ चुकीचा लावला असेल, पण तो शोधला बरोबर ठिकाणी. ‘टेट्रिस’मध्ये ना पात्र ना प्रसंग, तरीही तो खेळताना एक विशिष्ट दडपण येतं आणि ते केवळ नियमांतून येतं. वेग वाढत जातो, तुकडा नाकारता येत नाही, मूळ खेळात जिंकण्याची सोयच नाही. कथा नसतानाही नियम काहीतरी म्हणतात, मग कथा असते तेव्हा ते गप्प बसतील असं मानायला काय आधार?

ते गप्प बसत नाहीत हे २००७ च्या ‘बायोशॉक’ने दाखवून दिलं. केन लेव्हिन यांच्या या गेममध्ये समुद्राच्या तळाशी बांधलेलं रॅप्चर नावाचं शहर आहे. आयन रँडच्या स्वार्थवादावर उभं राहिलेलं आणि त्यातूनच कोसळलेलं. भिंतीवरच्या जाहिराती, गळणारे काचेचे बोगदे, मृतांच्या ध्वनिफिती यांतून ते शहर ज्या ताकदीने उभं केलं आहे तिला तोड नाही. त्यात लहान मुली भेटतात. त्यांना मारलं तर शक्तिवर्धक द्रव्य जास्त मिळतं, वाचवलं तर कमी. पण दर तीन मुली वाचवल्या की भेट म्हणून भरघोस द्रव्य हाती येतं आणि शेवटी हिशेब जवळपास जुळतो. म्हणजे ज्या गेमचा विषयच स्वार्थ, त्यात निःस्वार्थीपणाला धक्का लागत नाही. क्लिंट हॉकिंग या गेम-दिग्दर्शकाने त्याच वर्षी वेगळ्या जागी बोट ठेवलं. मुलींच्या बाबतीत नियम स्वार्थाचा पर्याय तरी देतात, पण कथा मात्र खेळाडूला एका परक्या माणसाच्या हुकमाखाली राबवते आणि तिथे ‘नाही’ म्हणायची सोय नाही. ‘बायोशॉक’च्या बाजूने असं सांगतात की हीच तर त्याच्या गाजलेल्या कलाटणीतली मेख आहे. आपण आज्ञाधारक बाहुलं होतो हे तिथे उघड होतं. मला हा बचाव अर्धाच पटतो. कलाटणीनंतर खेळाडू मोकळा व्हायला हवा होता. तो दुसऱ्या आवाजाच्या सूचनांनुसार, पडद्यावरच्या त्याच बाणामागे धावत राहतो. गुलामगिरी ओळखणारा गेम तिच्यातून बाहेर पडायचा नियम मात्र लिहू शकला नाही.

याच्या शेजारी ‘पेपर्स, प्लीज’ ठेवला की नियमांतून बोलणं म्हणजे काय ते कळतं. लुकास पोप यांनी तो जवळजवळ एकट्याने बनवला आणि २०१३ मध्ये प्रकाशित केला. आर्स्टोट्झ्का या काल्पनिक साम्यवादी देशाच्या नाक्यावर खेळाडू पारपत्र तपासणारा कारकून आहे. बिनचूक तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट मिळतात. त्यातून घरभाडं, अन्न आणि शेगडीचा खर्च भागवायचा. नाही भागला तर मुलगा, सासू, काका, बायको आजारी पडतात, मरतात. रोज सकाळी नवा नियम येतो, नवा कागद येतो, आणि टेबल मात्र तेवढंच राहतं. ही टेबलाची अडचण किरकोळ वाटते, पण सगळा गेम तिच्यावर तोललेला आहे. कागदांवर कागद पडतात, शिक्का मारायच्या घाईत जन्मतारीख बघायची राहते, समोरचा माणूस माणूस न राहता उशीर होऊ लागतो. एक प्रवासी येतो, त्याची कागदपत्रं ठीक असतात. मागून बायको येते आहे, तिला सोडा, असं तो सांगतो. तिच्याकडे परवाना नसतो. तिला सोडलं तर चूक नोंदली जाते. आणि इथे नियमाची खरी कारागिरी आहे: दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, दंड तिसरीपासून. म्हणजे खेळाडूपाशी रोज दोन चुकांइतकी दया शिल्लक असते. ती सकाळीच निष्काळजीपणात खर्च झाली असेल, तर दुपारी त्या बाईला परत पाठवायचं किंवा मुलाच्या औषधातून तिची किंमत भरायची. नोकरशाही माणसाला क्रूर कशी करते यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण ती प्रक्रिया वाचकाच्या स्वतःच्या बोटांत घडवून आणणं लेखाला जमत नाही. दोष म्हणायचा तर त्यात घुसवलेलं गुप्त क्रांतिकारी संघटनेचं उपकथानक. कारकुनाला वीर व्हायची वाट मिळते आणि कोंडलेल्या खोलीला एक खिडकी पडते. ती नसती तर गेम अधिक कठोर झाला असता, आणि माझ्या मते अधिक खरा.

कथा आणि नियम एकरूप असले की गेम चांगला, असं सोपं सूत्र मात्र मला मांडायचं नाही. दोहोंतला ताणही कामाला लावता येतो. २०१३ च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या शेवटी नायक जोएल एली या मुलीसाठी, तिला न विचारता, साऱ्या मानवजातीची आशा बुडवतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरला ठार करायचं बटण खेळाडूलाच दाबावं लागतं, त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. पटो न पटो, हात त्याचाच लागतो. जोएलचा निर्णय आणि खेळाडूची इच्छा यांत पडलेली ही फट गेम सांधत नाही, त्याला ती हवीच आहे. याउलट २०१२ च्या ‘स्पेक ऑप्स: द लाइन’मध्ये वाळूत गाडलेल्या दुबईत व्हाइट फॉस्फरसचा मारा केल्याशिवाय वाट मिळत नाही, आणि मारा केल्यावर गेम खेळाडूलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. खेळ बंद करून उठून जाण्याचा पर्याय होता, हे त्याचं समर्थन चतुर आहे, पण प्रामाणिक नाही. विकत दिलेल्या गेममध्ये न खेळणं हा नियम नसतो. बाकी ‘द लास्ट ऑफ अस’मध्येही एक हास्यास्पद जागा होतीच. कथा सतत सांगते की एली धोक्यात आहे, आणि ती शत्रूच्या नाकासमोरून पळत गेली तरी मूळ आवृत्तीतले शत्रू तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. बनवणाऱ्यांची अडचण समजते. ती सारखी पकडली गेली असती तर खेळाडू वैतागला असता. तरीही ज्या नात्यावर गेम उभा आहे त्यातली काळजी नियमांनी अशी काढून घेतली, हे परीक्षणांत ‘तांत्रिक त्रुटी’ म्हणून जाऊ नये.

एकाच गेममध्ये थोर गुण आणि ढोबळ दोष किती जवळ राहू शकतात याचं उदाहरण म्हणजे रॉकस्टारचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. २०१८ चा हा गेम १८९९ मध्ये घडतो. कायद्याचं राज्य पसरत चाललं आहे आणि दरोडेखोरांच्या टोळीला जागा उरलेली नाही. खेळाडू आर्थर मॉर्गन आहे. या गेमवरची सर्वसाधारण तक्रार अशी की तो फार संथ आहे. कपाटाचा प्रत्येक खण वेगळा उघडावा लागतो, शिकारीचं कातडं सोलताना पूर्ण वेळ थांबावं लागतं, घोड्याला खरारा करावा लागतो, छावणीत तर पळताही येत नाही. मला हा दोष वाटत नाही, ही त्या गेमची सर्वांत धाडसी गोष्ट आहे. शरीराला वजन आहे आणि कामाला वेळ लागतो हे तो साठ तास हातांना सांगत राहतो. त्यामुळे आर्थरला क्षय होतो तेव्हा ती बातमी केवळ कथेतली राहत नाही. जे शरीर इतके दिवस चालवलं, तेच आता खोकू लागतं. खरा दोष वेगळाच आहे. मोकळ्या माळरानावर मन मानेल तसं जगू देणारा हा गेम मोहीम सुरू होताच हवालदार होतो. ठरल्या वाटेपासून थोडं बाजूला गेलं, दरोड्याला मागच्या दाराने जायचं ठरवलं, की ‘मोहीम फसली’. जे स्वातंत्र्य गेल्याचा शोक कथा करते ते नियमांनी आधीच जप्त केलेलं असतं. आणि टोळीप्रमुख डच प्रत्येक प्रकरणात पैशांसाठी रडत असताना आर्थरच्या खिशात हजारो डॉलर असू शकतात, छावणीच्या पेटीत टाकले तरी कथेला त्याची गंधवार्ता नसते. शंभरापैकी सत्त्याण्णव गुण घेणाऱ्या गेममध्ये हे असणं ठीक आहे. त्याबद्दल बोललं न जाणं ठीक नाही.

नियमांकडे पाहिलं तर लोकप्रिय तक्रारी पुष्कळदा उलट्या निघतात, याला ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ साक्षीदार आहे. २०१७ च्या या निंटेंडोच्या गेममध्ये शस्त्रं मोडतात, आणि त्यावर खेळाडू अजून चिडलेले आहेत. पण ती मोडत नसती असं समजून बघा. एक चांगली तलवार मिळाली की पुढे सापडलेली प्रत्येक तलवार भंगार. मग डोंगरामागे काय आहे ते कशाला बघायचं? दगड लोटून, गवत पेटवून, वादळात लोखंडी भाला शत्रूजवळ टाकून वीज पाडून लढायची गरज कशाला? या गेमचं वैभव त्याच्या युक्त्यांत आहे, आणि युक्त्या सुचतात त्या शस्त्र मोडण्याच्या भीतीने. पाऊस पडला की कडे निसरडे होतात, चढणं जवळजवळ थांबतं. तो त्रासही याच कुळातला. ज्या जागेवर बोट ठेवायला हवं ती स्वयंपाकाची. ऐन लढाईत वेळ थांबवून हवं तितकं शिजवलेलं अन्न खाता येतं, त्यामुळे थोडी तयारी असलेल्या खेळाडूला मरण जवळजवळ येतच नाही. जो गेम बाकी सगळीकडे परिणामांना घट्ट धरून आहे त्याने इथे मूठ सैल सोडली. (गेमभर लपलेले कोरोक नावाचे ९०० छोटे जीव शोधून काढणाऱ्याला बक्षीस म्हणून त्याने एक शेणगोळ्यासारखी सोनेरी वस्तू ठेवली आहे. सगळं गोळा करण्याच्या हव्यासावरची ही टीका कुठल्याही निबंधापेक्षा नेमकी आहे.)

आता सर्वांत वजनदार आक्षेप. काही गेम थोर आहेत ते त्यांच्या लेखनामुळे, नियमांमुळे नव्हे, आणि ‘डिस्को एलिझियम’ हा त्यांचा मुकुटमणी. एस्टोनियातल्या मंडळींनी उभ्या केलेल्या स्टुडिओचा हा २०१९ चा गेम. रॉबर्ट कुर्विट्झ त्याचे प्रमुख लेखक. स्मृती गमावलेला एक दारुडा पोलीस, हरलेल्या क्रांतीचं शहर, आणि दहा लाखांहून जास्त शब्द. मारामारी नावाची यंत्रणाच नाही. इथे नियमांचं कौतुक कसलं, वाक्यांचं करा, असं कुणी म्हटलं तर ते उडवून लावता येणार नाही. ही वाक्यं कादंबरीत घातली तरी चांगलीच राहतील. पण मग त्याची कादंबरी का नाही? त्या पोलिसाचे चोवीस स्वभावगुण त्याच्या डोक्यात बोलतात. तर्क, सहानुभूती, हेका, जरब, प्रत्येकाचा आपला आवाज. खेळाडूने ज्या गुणाला जास्त गुणांक दिले तो जास्त बडबडतो, आणि मोठ्याने बोलणारा नेहमी खरं बोलतोच असं नाही. वर दोन फासे आहेत. दोन्हींवर सहा पडले तर अशक्यही जमतं, दोन्हींवर एक पडला तर सोपंही बिघडतं, आणि अपयशाच्या वाटा कित्येकदा यशापेक्षा रसाळ लिहिलेल्या आहेत. म्हणजे स्वतःच्या मनावर किती विश्वास ठेवायचा हा कादंबरीचा विषय इथे खेळाडूचा रोजचा धंदा होतो. लेखन थोर आहेच, पण ते कोणत्या क्षणी, कुणाच्या तोंडून, कोणत्या अपयशानंतर समोर येणार हे नियम ठरवतात. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला मर्यादा घालतो हे खरं: नियम उत्तम आणि वाक्यं टाकाऊ असती तर हा गेम कुणी पुरा केला नसता. नियमांना मी अग्रपूजेचा मान देतो आहे, एकाधिकार नाही.

दुसरा आक्षेप जमिनीवरचा आहे. ही सगळी चर्चा मोजक्या रसिकांच्या गेमची झाली, आपल्याकडे बहुसंख्य पोरं फोनवर ‘पबजी’ आणि आता ‘बीजीएमआय’ खेळतात, तिथे या सूक्ष्मतेचा काय उपयोग? मला वाटतं, उपयोग तिथेच जास्त आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली, २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ म्हणून परतला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. एवढ्या काळात घराघरांत आणि वर्तमानपत्रांत वाद झाला तो बंदुकांवर आणि व्यसनावर. पण या गेमला नियमांचे दोन थर आहेत. एक सामन्याचा. शंभर माणसं बेटावर उतरतात आणि सुरक्षित वर्तुळ आकसत जातं. आकसणारं वर्तुळ ही फार देखणी कल्पना आहे. लपून बसणाऱ्याला ती हलवते, विखुरलेल्यांना समोरासमोर आणते आणि अर्ध्या तासात गोष्ट संपवते. हा थर निर्दोष कारागिरीचा आहे आणि त्याचं कौतुक करायला घाबरू नये. दुसरा थर सामन्याबाहेरचा: रोज पुरी करायची कामं, मुदतीत संपणारा रॉयल पास, पैसे भरून उघडायच्या आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडणाऱ्या पेट्या. सामना अर्ध्या तासात संपतो आणि हा थर कधीच संपत नाही. पालक ज्याला व्यसन म्हणतात त्याचा मोठा भाग मला इथे दिसतो, बंदुकीत नव्हे. नशिबाच्या पेट्यांवरून २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स: बॅटलफ्रंट २’विरुद्ध खेळाडूंनीच ओरड केली आणि २०१८ मध्ये बेल्जियमने अशा पेट्या जुगार ठरवल्या. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणाऱ्या खेळांवर आहे. ज्या पेटीतून पैशांऐवजी रंगीत जाकीट निघतं तिच्याकडे बघायला अशा कायद्याची नजर पुरत नाही. तिथे नियम वाचणारा समीक्षक लागतो, आणि तोही वारंवार. ‘क्रॅश टीम रेसिंग’ची नवी आवृत्ती जून २०१९ मध्ये आली, परीक्षणं झाली, गुण मिळाले, आणि ऑगस्टमध्ये तिच्यात पैशांचं दुकान उघडलं.

उरतो तो आपल्या गेमचा प्रश्न, आणि तो अवघड जागेचा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. आपल्या पुराणकथांवरचा, इथेच बनलेला गेम जगभरच्या कन्सोलवर गेला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकित झाला. याचा आनंद साहजिक होता. राजस्थानी वाड्यांची आणि पहाडी चित्रांची आठवण देणारी त्यातली दृश्यं, छाया-बाहुल्यांतून सांगितलेली मधली कथानकं, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, हे सगळं मनापासून केलेलं आहे. त्यावर आलेली परीक्षणं साधारणपणे दोन वळणांनी गेली. एक म्हणजे आपला आहे म्हणून पाठीवर थाप, दुसरं म्हणजे लढाई ढिली, कॅमेरा अडचणीचा, शेवट अर्धवट. दुसरी यादी खरी आहे, पण वरवरची. मला खटकतं ते हे, की राजीचं सगळं वेगळेपण चित्रांत आणि आवाजात आहे, नियम मात्र परदेशी लढाऊ गेमचे आहेत. अंगणात शिरायचं, दारं बंद होतात, सगळे राक्षस मारायचे, दारं उघडतात, शस्त्राची ताकद वाढवायची. पुराणकथा भिंतीवर रंगवलेली आहे. तिच्यासमोर उभं राहून ती ऐकायची, तिचं पुढे काहीच करायचं नाही. वर आणि शाप, नवस, तप, उतलेला मातलेला असुर आणि त्याच्याच वरदानातली पळवाट, या आपल्या कथांमधल्या गोष्टी मुळात नियमच आहेत. हिरण्यकशिपूची गोष्ट म्हणजे अटींची एक यादी आणि तिला नरसिंहाने शोधलेली फट. इतकी तयार सामग्री हाताशी असताना ‘राजी’ने तिचं भित्तिचित्र केलं.

एकाच जागी गेम स्वतःचं बोलतो. राजी सर्कशीत वाढलेली मुलगी आहे, आणि लढताना तिला खांबाभोवती गिरकी घेऊन, भिंतीवरून उसळी मारून वार करता येतो. तिथे तिचा भूतकाळ नियमात उतरतो. छोट्या चमूने, तुटपुंज्या पैशांत केलेल्या पहिल्या गेमकडून याहून जास्त मागू नये, असं म्हणणाऱ्यांची कळकळ मला कळते. पण ‘पेपर्स, प्लीज’च्या मागे तर जवळजवळ एकच माणूस होता, आणि त्याच्याकडे राजवाडे उभे करण्याइतके पैसे नव्हते म्हणूनच कदाचित त्याने टेबलाच्या रुंदीवर इतका विचार केला. पुण्यात किंवा आणखी कुठे पुढचा असा गेम बनेल, तेव्हा त्यातली देवळं किती हुबेहूब आहेत हे बघायला पुष्कळ जण असतील. त्यातला वर कोणत्या अटींवर मिळतो आणि तो मागणाऱ्यावर कसा उलटतो, हे कुणीतरी हातात कंट्रोलर घेऊन तपासायला हवं.